नापास बूट क्रमांक एक

मी बूट बोलतोय. लगेच दुसरा कुठे गेला म्हणून इकडेतिकडे शोधू नका. मी जोडीतला बूट नव्हे. काठीला पाय एकच, म्हणून तिचा बूटही एकच. म्हातारी माणसं काठी टेकत चालतात, पाय मोडलेली माणसं कुबड्या घेऊन चालतात, त्या काठीच्या टोकाला जे काळं रबरी बूच असतं ना, ते म्हणजे मी. बाजारात मला कोणी बूच म्हणतं, कोणी टोपी म्हणतं. टोपी म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. जन्मभर जमिनीला घासणाऱ्याला टोपी म्हणायचं म्हणजे काय? आमच्या कारखान्यात मात्र पहिल्यापासून बूटच.

आणखी एक आधीच सांगून टाकतो, मागाहून फसवल्यासारखं वाटायला नको. मी एक दिवसही कुठल्या काठीला लागलेलो नाही. मी नापास आहे. जन्मलो तो नापास आणि आजही नापासच. पण मला जो मान मिळाला तो त्या कारखान्यातून पास होऊन बाहेर पडलेल्या एकाही बुटाला मिळाला नाही. कसा, ते ऐका.

कारखाना म्हणजे फार काही मोठा नाही. लांबट पत्र्याची शेड, आत नऊ माणसं. एका टोकाला गरम प्रेस, मधे खिडकीखाली तपासणीचं टेबल, त्यापलीकडे खोक्यांची खोली, आणि काचेच्या आडोशामागे मालकांची खुर्ची. आमचा जन्म प्रेसवर होतो. कच्च्या रबराचे तुकडे साच्यात ठेवायचे, वरून दाबायचं आणि सात मिनिटं शिजू द्यायचं. साच्याला सहा घरं, म्हणजे एका खेपेला सहा भावंडं. प्रत्येक घराची खूण वेगळी. पहिल्या घरातल्या बुटाच्या पोटात एक टिंब उमटतं, दुसऱ्यातल्याच्या दोन. माझ्या पोटात तीन टिंबं आहेत. तिसऱ्या घरचा मी.

प्रत्येक घराला हवा बाहेर जायला सुईएवढं भोक असतं. माझ्या जन्माच्या वेळी आमच्या घराचं भोक रबराच्या कणाने बुजलं होतं. हवा बिचारी जाणार कुठे? ती माझ्या तळव्यात शिरून बसली, वाटाण्याएवढी. बाहेरून बघाल तर मी देखणा. काळाभोर, गुळगुळीत, मापात अगदी बरोबर. खोट आहे ती आत, आणि आतलं कोणाला दिसतं?

मला नव्हतंच कळायचं, पण माझ्या आधीच्या खेपेला त्याच घरातून निघालेला माझा सख्खा भाऊ मालकांच्या आईच्या काठीला लागला. त्यांना कारखान्यात सगळे आजी म्हणत. आठ दिवसांत त्याचा तळवा आतल्या पोकळीपाशी फाटला, काठीचं लोखंड ओल्या पायरीवर घसरलं आणि आजी पडल्या. मनगट मोडलं. पोराने केलेल्या बुटाने आई पाडली, हे मालकांच्या मनाला इतकं लागलं की दोन दिवस त्यांनी प्रेस चालूच दिला नाही. भावाला पात्याने कापलं, तेव्हा आतलं भोक दिसलं. मग भाऊ जन्मला त्या दिवसाचे चारशे बूट टेबलावर ओतले आणि सगळे शोधायला बसले. कोणी उजेडाला धरतंय, कोणी व्हर्निअर लावतंय. व्हर्निअर म्हणजे केसाएवढी जाडी मोजणारी पट्टी. सगळं माप बरोबर येतंय. मग वाईट कोणते?

तेव्हा तिथे मावशी होती. बुटांची जादा कड कात्रीने कापून टाकणं एवढंच तिचं काम. शाळेचं तोंड तिने बघितलेलं नव्हतं. तिने ना उजेड घेतला ना पट्टी. एकेक बूट उचलायचा, तळव्यावर उजवा अंगठा टेकवायचा, दाबायचा, ठेवायचा. असे दीडेकशे झाले, आणि मग मी हातात आलो. अंगठा थांबला. पुन्हा दाबला.

"हा आतून रिकामा आहे," मावशी म्हणाली.

कशावरून, म्हणून मालकांनी विचारलं. ती म्हणाली, फळ पिकलंय की सडलंय हे कापून बघतं का कोणी? त्या दिवशी तिने चारशेतून नऊ काढले. आठ कापले, आठांतही भोक निघालं. नववा मी. पातं माझ्यावर टेकलं होतं, बरं का. तेवढ्यात गळ्यात हात अडकवून बसलेल्या आजी म्हणाल्या, "सगळे कापलेत तर पुढच्याला दाखवाल काय? हा एक राहू दे."

असा मी वाचलो. मावशीला त्या दिवसापासून तपासणीचं टेबल मिळालं आणि मला एक गोल पत्र्याचा डबा.

पाच वर्षं आमचा संसार चालला. मावशी सकाळी यायची, हात धुऊन कोरडे करायची, झाकण उघडायची आणि सगळ्यात आधी मला दाबायची. "काय रे पोकळ्या, आहेस ना जागेवर?" असं म्हणायची. मग दिवसभराचे बूट. नापास बूट लाल पेटीत जायचे आणि महिन्याला एकदा सगळे दळायला जायचे. लिहिता येत नाही म्हणून मावशीने आपली एक रीत काढली होती. टेबलावरच्या खिळ्याला पांढरा दोरा. एक नापास सापडला की गाठ. तो पहिल्या घरचा असेल तर एक गाठ, तिसऱ्या घरचा असेल तर लागून लागून तीन. आठवडा संपला की एक लाल धागा गुंतवायची. तिसऱ्या घराच्या तीन-तीन गाठींचा, म्हणजे तिनांचा, घोस दिसायला लागला की ती प्रेसवाल्याला हाक मारायची, "अरे, तुझ्या तिसऱ्या घराला सर्दी झालीय बघ." तो पुटपुटत जायचा, पिन घालून भोक मोकळं करायचा. दुसऱ्या दिवसापासून तिना बंद.

माणसांचं मला एक कळत नाही. जे रोज नीट चालतं त्याच्याकडे ती बघतच नाहीत.

मग ते पत्र आलं. सात देशांत दवाखाने असलेल्या एका मोठ्या कंपनीला आमचे बूट आवडले होते. वर्षभर पुरेल एवढं काम द्यायला ते तयार होते. पण शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कारखान्याला गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असल्याशिवाय माल घेता येणार नाही. मालकांनी ते पत्र तीनदा वाचलं. तेव्हा प्रेस आठवड्यातून तीनच दिवस चालत होता.

प्रमाणपत्र मिळवून द्यायला एक सल्लागार आले. अकरा फायली घेऊन आले, म्हणून प्रेसवाल्याने त्यांचं नाव फायलवाले साहेब ठेवलं. माणूस वाईट नव्हता. फक्त कागदावर नसलेली एखादी गोष्ट जगात असू शकते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली. झाडूला क्रमांक, बादलीला क्रमांक. भिंतीवरचं घड्याळ कोणी कुठे तपासून घेतलेलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर चिकटवलं, 'केवळ माहितीसाठी'. दुसऱ्या दिवशी प्रेसवाला वीस मिनिटं उशिरा आला. मालकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं तर म्हणाला, "ते केवळ माहितीसाठी आहे, मालक." आजी काचेआड बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मलाही एक लावून ठेवा. या घरात माझंही सगळं केवळ माहितीसाठीच असतं."

हसणं तिथपर्यंतच होतं. चौथ्या दिवशी साहेब तपासणीच्या टेबलाशी आले. भिंतीवर टांगायची कार्यसूचना त्यांनी मावशीपुढे धरली आणि वाचा म्हणाले. मावशीने ती उलटसुलट केली आणि परत दिली. साहेबांनी मालकांना बाजूला नेलं, पण पत्र्याच्या शेडमध्ये बाजूला असं काही नसतं. मी डब्यात होतो, मावशी दोन हातांवर होती, आम्ही दोघांनीही ऐकलं.

"तपासणीला बसणाऱ्याला सूचना वाचता आली पाहिजे, फॉर्मवर सही करता आली पाहिजे. ही बाई अंगठेबहाद्दर. प्रमाणपत्रासाठी तपासायला येणारा ऑडिटर दारातूनच परत जाईल. आठ माणसांचं पोट एका बाईपायी अडवायचं का, ते तुम्ही ठरवा."

मालक गप्प राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत, आणि अशा वेळी गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच असतं. मावशीला खोक्यांच्या खोलीत पुठ्ठे घडी करायला आणि माल भरायला बसवलं. प्रमाणपत्र आलं की मग तिची गरज आहे का ते बघू, असंही ठरलं. बघू म्हणजे काय ते मावशीला कळत होतं. घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालत होतं.

तपासणीच्या टेबलावर पदवीधर आला. खरोखरच पदवी घेतलेला, अक्षर मोत्यासारखं. तो प्रत्येक बुटाला व्हर्निअर लावायचा आणि लिहायचा, 'योग्य'. चार आठवडे त्याने योग्यच लिहिलं. माझा डबा त्याने एकदाही उघडला नाही.

आता मावशीची गंमत बघा. तिला तपासायला मनाई होती, खोक्यात भरायला नव्हती. भरता भरता ती प्रत्येक बूट दाबायची. पोकळ सापडला की उठून मुकाट्याने लाल पेटीत टाकून यायची आणि दोऱ्याला गाठी मारायची. दोरा आता तिच्या जेवणाच्या डब्यात असायचा, आणि प्रेसवाल्याला हाक मारायचा अधिकार तिला राहिलेला नव्हता. त्या चार आठवड्यांत लाल पेटीत तेवीस बूट पडले, आणि बाहेर एकही खोटा बूट गेला नाही. कागदावर मात्र नापास शून्य.

ऑडिटच्या आदल्या दिवशी साहेबांनी पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. कागदात शून्य, पेटीत तेवीस. जुळत नाही. जुळवायचं कसं? कागद बदलायचा तर खाडाखोड होईल. मग त्यांनी पेटीच रिकामी केली. तेवीसही बूट पोत्यात टाकले, पेटीला नवा लाल रंग दिला. मालक बघत होते. नंतर साहेबांची नजर माझ्या डब्यावर गेली. क्रमांक नाही, चिठ्ठी नाही, कुठल्या यादीत नाही. माझीही रवानगी पोत्यात. पोतं मागच्या दाराबाहेर, सकाळी दळायला जाणार म्हणून तोंड बांधून ठेवलेलं.

संध्याकाळी घरी निघताना मावशी मागच्या दाराने गेली. पोत्याचं तोंड सोडून तिने हात घातला, आणि एवढ्या काळ्या बुटांत मला पहिल्याच झटक्यात ओळखलं. अंगठा माझ्यावर ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

"दोरा माझा होता म्हणून घरी नेला," ती म्हणाली. "तू कारखान्याचा आहेस. तुला नेलं तर चोरी होईल."

आणि तिने मला परत आत ठेवलं. मला राग आला नाही. असा अंगठा ज्या हाताला असतो, तो हात चोरी कशी करेल?

सकाळी दळणवाला यायच्या आधी ऑडिटर बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, पायात साधे सपाट बूट, हातात स्वतःचं पेन. पोत्याशेजारचा पत्रा पातळ होता, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. पहिली पाळी प्रेसवाल्याची. गुणवत्ता धोरण काय आहे, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी सगळ्यांकडून ते तोंडपाठ करून घेतलं होतं. भिंतीवरचा अख्खा कागद पाठ केला होता त्याने. एका दमात म्हणाला, "ग्राहकाचे समाधान हेच आमचे ध्येय असून त्यासाठी आम्ही सतत सुधारणा करू, अंक दोन, पान एक पैकी एक, सही, मालक, शिक्का."

ऑडिटर बाई हसल्या की नाही ते मला पोत्यातून दिसलं नाही. मग त्यांनी विचारलं, याचा तुमच्या कामाशी संबंध काय? प्रेसवाला म्हणाला, "ते काही मला माहीत नाही, बाई. भोकं बुजू द्यायची नाहीत, एवढं माहीत आहे." हे उत्तर त्यांनी लिहून घेतलं.

मग त्या लाल पेटीशी आल्या. ताजा रंग, आत काही नाही. किती दिवसांत नापास माल निघालेला नाही, म्हणून विचारलं. साहेबांनी छाती काढून सांगितलं, चार आठवड्यांत शून्य. मला वाटतं, घोटाळा तिथेच झाला. घरोघरी भांड्याला भांडं लागतं, दूध उतू जातं, आणि कारखान्यात एकही बूट बिघडत नाही? बाई सरळ चालत मागच्या दाराशी गेल्या, जिथे त्यांना नेण्याचं कोणी ठरवलं नव्हतं.

पोत्याचं तोंड उघडलं. ऊन आत आलं.

त्यांनी एक बूट काढला, व्हर्निअर मागवला, माप घेतलं. बरोबर. दुसरा काढला, तोही बरोबर. मग मागे वळल्या. "हे चांगले असतील तर टाकले का? आणि वाईट असतील तर कशावरून?"

साहेब म्हणाले, जुना भंगार माल आहे, कित्येक वर्षांचा. पदवीधर चपलेकडे बघायला लागला. आता सगळं मालकांवर आलं. एक शब्द खोटा बोलले असते तर ऑडिट कदाचित निघूनही गेलं असतं. काचेआड आजी बसल्या होत्या, मांडीवर काठी आडवी. त्यांचं ते मनगट तेव्हापासून जरा वाकडंच राहिलं होतं. मालकांनी तिकडे एकदा बघितलं.

"जुना नाही," ते म्हणाले. "कालपर्यंत पेटीत होता. पेटी रिकामी दिसावी म्हणून आम्ही काढला. हे वाईट आहेत, पण कशावरून ते मला सांगता येणार नाही. सांगणारी बाई आत पुठ्ठे घडी करतेय. तिला तिथे मीच बसवलंय."

साहेबांनी डोळे मिटले. प्रेसवाला धावतच मावशीला घेऊन आला.

मावशी पदराला हात पुसत उभी राहिली. ऑडिटर बाईंनी पोत्यातले दहा आणि टेबलावरचे तीस बूट एकत्र केले, आणि यातले वाईट काढा म्हणाल्या. मावशी म्हणाली, काढते, पण आधी माझा नापास द्या. कोणाला कळेना. तिने स्वतःच पोत्यात हात घातला, मला काढलं, तीन टिंबं बघितली, तळवा दाबला.

"हा कशाला?" बाईंनी विचारलं.

"सकाळी आधी याला दाबते. वाईट कसं लागतं ते अंगठ्याला पुन्हा सांगून ठेवावं लागतं. कधी सर्दी-पडसं असतं, कधी घरी धुणं जास्त पडलं की बोटं बधिर होतात. हा ओळखू आला तर त्या दिवशी बाकीचे तपासायचे. नाही आला तर त्या दिवशी कड कापायची."

ऑडिटर बाईंचं पेन थांबलं. फायलवाले साहेबांनी डोळे उघडले. महिनाभर ते सगळ्यांना एक अवघड इंग्रजी शब्द शिकवत होते, कॅलिब्रेशन. माप खरं सांगतंय ना, याची रोज एका खात्रीच्या वस्तूशी ताडून खात्री करायची, असा त्याचा अर्थ. ते रोजच्या रोज, पाच वर्षं, याच टेबलावर होत आलं होतं. आणि ती खात्रीची वस्तू, सांगायला थोडं लाजल्यासारखं होतंय, पण ती मी.

मावशीने डोळे मिटले आणि दाबायला लागली. चाळीस बूट. खिडकीबाहेर कोणाची तरी सायकल उभी करण्याचा आवाज आला, तेवढाच. शेवटी एका बाजूला अकरा बूट झाले. बाई म्हणाल्या, मी दहा टाकले होते. मावशी म्हणाली, अकरावा टेबलावरचाच आहे, तुमच्या योग्यमधला. पातं आणलं. अकरावा कापला. आत वाटाण्याएवढी पोकळी. पास केलेल्यांतले तीन कापले, तीनही भरीव. मग बाईंनी सहज मला उचललं आणि पात्याखाली धरलं. मावशीने पटकन माझ्यावर हात ठेवला.

"हा नको. हा कापला तर माझा अंगठा आंधळा होईल."

पातं बाजूला गेलं. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा जन्मलो.

नोंद कुठे आहे, असं बाईंनी विचारलं. मावशीने जेवणाचा डबा उघडून दोरा काढला आणि टेबलावर लांब पसरला. एकेका लाल धाग्यापाशी बोट ठेवून सांगत गेली. या आठवड्यात दोन, या आठवड्यात चार, आणि हे बघा, शेवटच्या पंधरवड्यात सगळ्या तिनाच तिना. प्रेसवाल्याने ते बघितलं आणि कोणी काही सांगायच्या आत पिन घेऊन साच्याकडे गेला. तिसऱ्या घराचं भोक बुजलेलं होतं. पोत्यातले बूट मोजले. तेवीस. दोऱ्यावर त्या चार आठवड्यांतले गाठींचे झुबकेही तेवीस.

साहेब हळूच म्हणाले, "पण मॅडम, दोरा म्हणजे काही कागद नव्हे."

"नोंद कागदावरच हवी असं मानकात कुठे लिहिलंय, ते दाखवा," बाई म्हणाल्या. "सापडली पाहिजे, टिकली पाहिजे आणि वाचता आली पाहिजे. ही सापडली, टिकली. वाचताही येते, पण एकटीलाच. तो मात्र दोष आहे."

त्यांनी दोन दोष लिहून दिले. एक, नापास माल नोंद न करता हलवला. दुसरा मला अजून पाठ आहे, त्यांनी मोठ्याने वाचला म्हणून. 'तपासणीचे ज्ञान एकाच व्यक्तीच्या अंगठ्यात आहे. ते इतरांना शिकवावे.' दीड महिन्यात दोन्ही सुधारा, मग मी प्रमाणपत्राची शिफारस करते, असं सांगून त्या सपाट बुटांनी निघून गेल्या. दारातून परत गेल्या नाहीत, हे लक्षात घ्या. काम पुरं करून गेल्या.

मग सुरू झाली मावशीची शाळा. पुस्तक मी. पहिला विद्यार्थी पदवीधर. तो मला दाबायचा, दुसरा चांगला बूट दाबायचा, पुन्हा मला दाबायचा, आणि म्हणायचा, दोन्ही सारखेच. मावशी म्हणायची, "बघू नकोस. तुझे डोळे फार शिकलेले आहेत, त्यांना जरा सुट्टी दे." आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी त्याचा अंगठा माझ्यावर थांबला.

"मावशी, आहे," तो म्हणाला. "आत आहे काहीतरी."

मावशीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. त्याने मात्र त्याची परतफेड केली. मावशीच्या गाठींची भाषा त्याने आपल्या मोत्यासारख्या अक्षरात एका फळीवर लिहून काढली आणि फळीवरच दोऱ्याचे नमुने टाचले. आता नवा माणूसही दोरा वाचतो.

प्रशिक्षणाच्या फॉर्मवर खाली जागा होती, 'शिकवणाऱ्याची सही'. सगळे तिथे अडले. आणि मग फायलवाले साहेबांनी स्वतःच्या पिशवीतून शाईची डबी काढली. झाकण उघडून ती त्यांनी दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली.

"मावशी, अंगठा द्या," साहेब म्हणाले. त्या शब्दात आधीचा अर्थ राहिलेला नव्हता.

मावशीने उजवा अंगठा शाईत बुडवला आणि नऊ फॉर्मांवर नऊदा उठवला. मालकांचाही एक फॉर्म होता. त्यांनाही मला दाबून दाखवावं लागलं, चौथ्या दिवशी पास झाले. काचेआडून आजी म्हणाल्या, "आता त्या अंगठ्यालाच चिठ्ठी लावा. आणि केवळ माहितीसाठी लिहू नका हं."

प्रमाणपत्र आलं. सोनेरी चौकट, खाली परदेशी सही. दाराजवळ लावलं, सगळ्यांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढला. मावशी मधे, मालक तिच्या बाजूला, आजींची काठी पुढे. मी मावशीच्या मुठीत होतो, फोटोत दिसत नाही. पहिला ट्रक भरला त्या दिवशी प्रेसवाल्याने घड्याळावरची चिठ्ठी काढू का म्हणून विचारलं, मालक म्हणाले, राहू दे, आता सगळे वेळेवरच येतात. प्रेस आठवड्याचे सहाही दिवस चालायला लागला. नऊ माणसांची सतरा झाली. जो नवा येतो, त्याला पहिल्या दिवशी ना चौकट दाखवतात ना फायली. त्याला हात धुवायला सांगतात आणि माझ्या डब्याचं झाकण उघडतात. डब्यावर चिठ्ठी आहे, 'नापास बूट क्रमांक एक. फेकू नये.'

या गोष्टीला तीन वर्षं झाली. ऑडिटर बाई दर वर्षी येतात. आधी लाल पेटी बघतात, ती रिकामी नसली की त्यांना बरं वाटतं. मग मला दाबतात. त्यांनाही आता मी ओळखू येतो.

गेल्या खेपेला त्या मावशीला म्हणाल्या, याचं रबर कडक व्हायला लागलंय. मावशीला ते आधीच कळलं होतं. माझ्या शेजारी दुसरा डबा आलाय. पाचव्या घरचा आहे, पाच टिंबांचा, तरुण आहे, चांगला पोकळ आहे. नापास बूट क्रमांक दोन. मावशी सकाळी आता दोघांना दाबते, आणि माझ्यावर अंगठा जरा जास्त वेळ ठेवते. मी गेलो तर दळायचं नाही, चौकटीखालच्या फळीवर ठेवायचं, असं मालकांनी लिहूनच ठेवलंय. अंक तीन, पान एक पैकी एक.

माझं मागणं एवढंच. तुमच्याकडे काम कसलंही असो, आपलं एक नापास जपून ठेवा. लपवू नका, त्याच्यावर रंग देऊ नका. रोज सकाळी एकदा त्याला हात लावा.

आणि कधी कोणी काठी टेकत तुमच्या समोरून गेलं, ओल्या पायरीवर काठी रोवून निर्धास्त वर चढलं, तर खाली टोकाशी नक्की बघा. तिथे जो काळा बूट घट्ट उभा असेल, तो पास झालेला आहे. त्याला पास मी केलंय. त्याच्यावर सही शोधू नका, सापडायची नाही. त्याच्यावर अंगठा आहे.